स्टीमपंक म्हणजे नुसते गॉगल आणि दातेरी चाकं का? एकांकिकेसाठी मदत हवी

पडद्यामागची (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपची एकांकिका बसतेय आणि गाडी एका मुद्द्यावर अडकलीय, म्हणून इथं विचारते.

विषय दिग्दर्शकाने आणला, स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या काळातल्या यंत्रांवर बेतलेल्या कल्पित गोष्टींचा प्रकार. त्याच्या डोळ्यासमोर पितळी गॉगल, चामडी पट्टे, उंच टोप्या, मागे मोठमोठी दातेरी चाकं आणि भरपूर धूर असं चित्र आहे. नेपथ्य आणि प्रॉपर्टी माझ्याकडे. कुपवाडहून भंगारातले दोन गिअर, एक जुनं प्रेशर गेज आणि शिलाई मशीनचं चाक आणून मी त्यांना सोनेरी रंगही दिलाय. दिसतंय छान. पण तालीम सुरू झाली की मला कळेनासं होतं, ही माणसं कोण आहेत? गॉगल लावून ती नेमकं काय काम करतात? संहितेत एक शास्त्रज्ञ आहे, त्याची मुलगी आहे, एक उडणारं जहाज आहे आणि शेवटी ते जहाज उडतं. बस.

मी थोडं वाचलं, तर ठिकठिकाणी असं दिसलं की या प्रकाराचं मूळ सामाजिक बंडखोरीत आहे. दिग्दर्शक म्हणतो ते नंतर चिकटवलेलं आहे, मुळात ही सजावटीची शैली आणि परीक्षकांच्या नजरेत सजावटच भरते.

मला दोन गोष्टी हव्यात. मूळ खरंच बंडात आहे का, हे नीट माहीत असलेल्या कुणीतरी सांगावं. आणि वाफेचं युग आपल्या सातारा-सांगलीकडेही होतं, आपल्या माणसांचे हात त्या यंत्रांना लागले होते, तर लंडनच्या टोप्या न घालता हे करता येईल का? संहिता बदलायला वेळ आहे. वाफेवर प्रत्यक्ष काम केलेलं कुणी इथं असेल तर फारच बरं होईल.

कऱ्हाडचा वाचक

नावापुरतं बोलायचं तर तुमच्या दिग्दर्शकाची बाजू भक्कम आहे. 'लोकस' नावाच्या अमेरिकन मासिकात एप्रिल १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या लेखकाचं पत्र छापून आलं. तो, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक हे कॅलिफोर्नियातले तिघे मित्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या अद्भुत गोष्टी लिहीत होते. अशा लिखाणाला नाव द्यायचंच झालं तर 'स्टीमपंक' म्हणा, असं त्याने सुचवलं. तेव्हा सायबरपंकची, म्हणजे संगणकांच्या भविष्यातल्या बंडखोर गोष्टींची, हवा होती, त्यावर बेतलेलं हे नाव, अर्धं गमतीत दिलेलं. कसला जाहीरनामा वगैरे नव्हता.

पण नाव गमतीत पडलं म्हणून आतला माल गमतीचा ठरत नाही. या मंडळींनी आपलं लंडन उभं केलं ते हेन्री मेह्यूच्या नोंदी वाचून. मेह्यू हा पत्रकार. १८४९ पासून त्याने लंडनच्या रस्त्यावरच्या माणसांना गाठलं आणि त्यांची कमाई, खाणं, धंदा त्यांच्याच तोंडून उतरवून घेतला. गटारात शिरून तांबं आणि नाणी शोधणारे, थेम्सच्या चिखलातून कोळशाचे तुकडे वेचणारी पोरं, कातडी कमावणाऱ्यांना लागते म्हणून कुत्र्याची विष्ठा गोळा करून विकणाऱ्या म्हाताऱ्या. ही माणसं या प्रकाराच्या तळाशी पहिल्यापासून आहेत. गॉगल फार नंतर आले.

जेटरच्या आधीही, १९७१ साली, मायकेल मूरकॉकने एक कादंबरी लिहिली होती. तिच्यात विसावं शतक उतरणीला लागलं तरी साम्राज्यं शाबूत आहेत आणि आकाशात हवाई जहाजं फिरतायत. ब्रिटिश फौजेतला नायक ते वैभव बघून आधी हरखतो आणि मग हे सगळं कुणाच्या जिवावर चाललंय ते त्याला दिसू लागतं. ती कादंबरी उघडउघड साम्राज्याच्या विरोधात आहे. तेव्हा दिग्दर्शकाला सांगा, बंड चिकटवलेलं नाही. सजावट चिकटवलेली आहे.

तुम्ही नाटकवाल्या, म्हणून आणखी एक धागा देतो. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी कवी बायरन इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहात पहिल्यांदा बोलायला उभा राहिला तो विणकरांसाठी. यंत्रं फोडणाऱ्यांना फाशी द्यायचा कायदा येत होता, त्याला त्याने विरोध केला. कायदा झालाच. पुढच्या जानेवारीत यॉर्कच्या खटल्यांत सतरा जण फासावर गेले. त्याच बायरनची मुलगी एडा लव्हलेस. चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या गणकयंत्रावर तिने १८४३ साली टिपणं लिहिली. त्या यंत्राला हुकूम द्यायचे होते ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी, आणि ती युक्ती आली होती जकार्डच्या नक्षीदार कापड विणणाऱ्या मागावरून. बापाने मागावरच्या माणसांची बाजू घेतली आणि मुलीने मागाच्या पुठ्ठ्यातून गणित चालवायचं स्वप्न पाहिलं. (१८४३ म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' झालं तेच साल. तुमच्या गावात हे सांगायला हवं असं नाही, पण मला राहवलं नाही.)

ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो सगळ्यांना माहीत असतो. १८७५ सालच्या पुस्तकात व्हर्नने उलगडा केला की नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र आहे, सत्तावन्नच्या उठावात लढलेला. पाणबुडी म्हणजे हरलेल्या बंडवाल्याने समुद्राखाली थाटलेलं स्वतंत्र राज्य. पाचच वर्षांनी, १८८० साली, याच व्हर्नने हिंदुस्थानातून एक वाफेचा हत्ती फिरवला. चाकांवरची दोन घरं ओढणारा, सोंडेतून धूर सोडणारा. आत बसलेत युरोपियन साहेब आणि गोष्टीतला खलनायक आहे नानासाहेब पेशवे. लेखक एकच, वाफही तीच. एकीकडे बंडवाला यंत्राचा कप्तान आहे, दुसरीकडे यंत्र त्याच्या अंगावर येतंय. तुमच्या संहितेत यंत्र कुणाच्या हातात आहे, हे आधी ठरवा.

बॉयलरवाला (पलूस)

पोरी, "प्रत्यक्ष काम केलेलं कुणी" असं लिहिलंस म्हणून उत्तर देतोय. मी आपल्या भागातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट आहे. आता निवृत्त झालोय, पण बॉयलर अजून स्वप्नात येतो.

वाचकसाहेबांनी पुस्तकांचं सांगितलं, ते मी वाचलेलं नाही. नातीनं मोबाईलवर स्टीमपंकची चित्रं दाखवली. चित्रं देखणी आहेत, पितळ काय चकाकतंय! पण एकाही चित्रात कुणाला घाम आलेला दिसला नाही. भट्टीचं तोंड कुठं आहे, कोळसा नाहीतर बगॅस (उसाचा चोथा) कोण सारतंय, राख कोण काढतंय, पाणी कोण बघतंय? वाफ कुठून येते हेच चित्रात नाही. बॉयलर हाउसमध्ये बगॅसचा भुसा उडत असतो, तो घामावर चिकटतो आणि मानेला खाज सुटते. रात्रपाळीला पहाटे तीनच्या सुमाराला डोळा लागायला बघतो आणि तेव्हाच तर नजर काचेवर पाहिजे.

काच म्हणजे गेज ग्लास. ड्रममध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी. प्रेशर गेजचा काटा सगळे बघतात, अनुभवी माणूस आधी पाण्याची लेव्हल बघतो. एक लिटर पाण्याची उघड्यावर वाफ झाली तर सोळाशे लिटरच्या वर जागा मागते. ती जागा न देता कोंडून ठेवली म्हणून तर चाकं फिरतात. पाणी खाली गेलं, नळ्या उघड्या पडल्या आणि लाल झाल्या, की मग जे होतं त्यात जवळ उभा असलेला माणूस सापडत नाही. म्हणून १९२३ सालापासून या देशात बॉयलरचा कायदा आहे, म्हणून सर्टिफिकेट लागतं.

काच सांगते ते खरं का, हे दर पाळीला तपासायचं असतं. खालचा ड्रेन उघडायचा, पाण्याचा कॉक बंद करून वाफेची वाट मोकळी आहे का बघायची, मग वाफेचा बंद करून पाण्याची वाट बघायची. शेवटी ड्रेन बंद करून दोन्ही वाटा उघडायच्या. पाणी झटकन वर येऊन थांबलं पाहिजे. रेंगाळत आलं तर समजायचं, वाट चोंदलीय.

एका सीझनला पाणी रेंगाळत आलं. दोन काचांपैकी एक आधीपासून बंद होती आणि दुसरी अशी. वर सांगितलं. ऊस गेटवर उभा आहे, गाळप थांबवायचं नाही, असा निरोप आला. आम्ही पाळीवरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि बगॅसचे फीडर बंद केले. प्रेशर उतरलं, मिल थांबली, सगळा कारखाना एकदम गप झाला. मग सगळे साहेब धावत खाली आले. काम व्हायला काही फार वेळ लागला नाही. आम्हाला मेमो मिळाले, पगार कापला गेला. आजही तीच वेळ आली तर मी तेच करीन. त्या बॉयलरवर आमचा जीव होता, म्हणूनच तो आम्ही बंद केला.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर या गोष्टीत आहे. यंत्र थांबवणाऱ्याला लोक यंत्राचा दुश्मन समजतात. इंग्लंडात १८११ पासून यंत्रं फोडणाऱ्या लडाइटांना दोनशे वर्षं हेच ऐकवतात, की प्रगतीला घाबरणारे अडाणी. मुलानं त्यांच्यावरचा एक लेख दिला तो मी पुन्हा पुन्हा वाचला. यॉर्कशायरमधले हे लोक कापड कातरणारे होते. लोकरीच्या कापडावरचा रोवा, म्हणजे वर आलेली लव, वीस-वीस किलोच्या कात्रीनं एकसारखा उतरवायचा, कापडाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. वर्षानुवर्षं शिकल्याशिवाय हात बसत नाही असलं काम. ज्या मालकानं मजुरी पाडायला यंत्र आणलं त्याचं यंत्र त्यांनी फोडलं. नॉटिंगहॅमकडं तर मोजे विणायची यंत्रं वर्षानुवर्षं त्या लोकांच्याच हातात होती. हलका माल काढणाऱ्या आणि मजुरी कापणाऱ्या मालकांची तेवढी त्यांनी निवडून फोडली. आणि घण कुठला वापरला? मार्सडेन गावात टेलर नावाचे लोहार भाऊ होते, त्यातला एक एनॉक. कातरायची यंत्रं बनवायचे ते आणि घणही त्यांचेच. म्हणून घणाचं नावच 'एनॉक' पडलं. यंत्र एनॉकनं घडवलं, फोडणारही एनॉकच, असं ते म्हणायचे. तुझ्या सोनेरी गिअरच्या जागी हा एक घण ठेव, बघ नाटकाला कसं वजन येतं.

आता आपल्याकडं ये. ७ जून १९४३. पुण्याहून मिरजेकडं सरकारी पगाराचा पैसा घेऊन गाडी निघालेली. शेणोलीपाशी प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या समांतर सरकारच्या, तूफान सेनेनं ती अडवली. कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड पुढं होते. रुळावर दगड रचून गाडी थांबवली आणि ती उलटी जाऊ नये म्हणून मागंही दगड रचले. हे मागचे दगड महत्त्वाचे. वाफेचं इंजिन लिव्हर फिरवला की तेवढ्याच जोरानं उलटं पळतं, हे ठाऊक असल्याशिवाय हे सुचत नाही. माझे आजोबा त्याच लाइनीवर गँगमन होते. रूळ, फिशप्लेट, खडी यांच्यावर गावोगावच्या माणसांनी घाम गाळलेला. गाडी कुठं धापा टाकत चढते, कुठं पळते, सगळं त्यांना पाठ. तिथं रुळाशेजारी छोटा स्तंभ उभा आहे. ग्रुपला घेऊन एकदा जाऊन ये.

आमच्या पलूसजवळ किर्लोस्करवाडी. औंध संस्थानच्या माळावर, निवडुंगात आणि सापांत, १९१० साली लक्ष्मणरावांनी कारखाना टाकला आणि लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी तो घेईनात. हा विरोध वेगळा आणि मी मघाशी सांगितला तो वेगळा, यांची सरमिसळ नाटकात करू नको. आणि १९४२ च्या सप्टेंबरात इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात गेलेले पंड्या हे याच वाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर. यंत्रावर प्रेम करणारा माणूस मोर्चात होता. यापुढं ते उडणारं जहाज मला फिकं वाटतं.

सगळ्यात मोठं सांगायचं राहिलं. साताऱ्याकडची माणसं कुठं गेली? मुंबईच्या गिरण्यांत. आमच्या गावात अर्ध्या घरांच्या चुली गिरणीच्या मनीऑर्डरवर पेटायच्या. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या काय होत्या बघ. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्य मावळला की बंद. पगार पंधरा तारखेच्या आत. कामात हातपाय गेला तर भरपाई. वाफेच्या काळात लोकांनी काय मागितलं, तर अर्धा तास! २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिथं दोन बायका उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण सगळे ती घेतो.

या दोन बायका तुझ्या नाटकात आण.

मिरज जंक्शन

काका, वाचून अंगावर काटा आला.

माझी पण एक भर. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं असं म्हणतात. मराठी माणूस, त्याच काळातला, आणि जहाज उडवायची दिग्दर्शकाची हौसही भागेल. ते का नाही घेत?

आणि कारागिरी दाखवायची असेल तर मिरजेला या. इथले सतारमेकर म्हणजे मूळचे शिकलगार, तलवारी आणि हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारीचं काम संपलं तेव्हा त्याच हातांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला घेतले. पंढरपूर भागातून भोपळे येतात, ते वर्षभर सुकवतात, मग कापून त्याला गळा बसवतात. जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना, घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस अशी हळू चालते की कारागीर श्वास रोखून तारेचा आवाज ऐकत असतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. धंदा बुडाल्यावर हातातलं कसब दुसरीकडं वळवलेली माणसं तुमच्या विषयात बसतात असं मला वाटतं.

कऱ्हाडचा वाचक

शिकलगारांचं जरूर घ्या. तळपद्यांचं घेऊ नका. त्या उड्डाणाला भरवशाचा पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाचा दाखला त्यासोबत देतात, त्यातल्या विमानांचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ साली केला आणि ती उडूच शकत नाहीत असं दाखवून दिलं. स्टीमपंक वाचकाला आधीच सांगतं, हे असं घडलं नाही, घडलं असतं तर काय झालं असतं ते बघू. तोच त्याचा प्रामाणिकपणा. न घडलेलं घडलं म्हणून सांगितलं की तो जातो.

उडणारी गाडीच हवी असेल तर बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांच्याकडे बघा. १९०५ साली त्यांनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. बायकांच्या हाती राज्य आहे, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, गाड्या हवेतून जातात आणि पुरुष घरात पडद्याआड. पडद्यात वाढलेल्या बाईने यंत्रं कल्पून पडदाच उलटा केला. काकांनी सांगितलेल्या दोन बायकांशी याचं जवळचं नातं आहे.

पडद्यामागची (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ग्रुपला हे सगळं वाचून दाखवलं. संहिता बदलायची ठरलं. १८९०, मुंबईची गिरणी, रिलिंग खात्यातल्या, म्हणजे सुताच्या लडी करायच्या खात्यातल्या, दोन बायका. एक खटाव भागातली, कारण फुल्यांचं मूळ गाव कटगुण तिकडचं आणि तिच्या तोंडी सत्यशोधकांचं बोलणं येऊ शकतं. दुसरी कुंडलकडची. भाषा आपली.

पण दिग्दर्शकाने एक रास्त प्रश्न टाकलाय. तो म्हणतो, मग ही ऐतिहासिक एकांकिका झाली. स्टीमपंक असायला जे घडलं नाही असं एखादं यंत्र हवं. ते कुठलं? आणि काका, स्टेजवर बॉयलर कसा दाखवू? आमच्याकडे एक धुराचं मशीन आहे आणि बाकी पुठ्ठा.

बॉयलरवाला (पलूस)

दिग्दर्शक बरोबर बोलतोय, त्याला माझा नमस्कार सांग. यंत्र पाहिजेच. रात्रभर डोक्यात तेच होतं.

तेव्हा गिरणीत दिवे नसायचे तिथं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. उन्हाळ्यात तेरा तासांच्या वर उजेड असतो. कामगाराकडं घड्याळ नाही. वेळ सांगणार कोण, तर भोंगा, आणि भोंग्याची दोरी मालकाच्या माणसाकडं. मग या दोन बायकांनी तास मोजायचं यंत्र बनवलं तर?

तेव्हाच्या गिरणीत इंजिन एकच असतं. त्याच्यावरून मोठा शाफ्ट फिरतो आणि त्याच्यावरून पट्टे सगळ्या खात्यांत जातात. सगळी गिरणी त्या एका शाफ्टवर टांगलेली. रिलिंगच्या यंत्राखाली लपवून एक छोटं चाक शाफ्टच्या पट्ट्याला लावायचं. ठरावीक फेरे झाले की एक दात पुढं सरकेल, दात सरकला की खिळा पुठ्ठ्यात एक भोक पाडेल. वाचकसाहेबांनी जकार्डच्या पुठ्ठ्यांचं सांगितलंच आहे. संध्याकाळी पुठ्ठा काढून भोकं मोजायची. इंजिनाचे फेरे मालकाच्या घड्याळावर चालत नाहीत. सभेत त्या दोघी उभ्या राहतात तेव्हा हातात हे पुठ्ठे असू देत, महिनाभराचे, पदराखाली लपवून आणलेले. एक बाई बोलेल, दुसरी पुठ्ठा दिव्यासमोर धरेल आणि भोकांतून उजेड लोकांच्या अंगावर पडेल. हे घडलं नव्हतं, पण घडू शकलं असतं, कारण यातलं एकएक सामान तेव्हा जगात होतं.

पुठ्ठ्याला भोकं पाडायला शाळेतलं पंच मशीन वापरू नको, भोक फार गुळगुळीत येतं. खिळ्यानं पाड, कडा फाटलेल्या दिसू देत.

आता बॉयलरचं. धुराचं मशीन कमीत कमी वापर. धूर वेगळा, वाफ वेगळी. खरी वाफ दिसतच नाही. भोंगा सुटतो तेव्हा नळीच्या तोंडाशी थोडी जागा अगदी मोकळी, काचेसारखी असते, आणि पांढरं जे दिसतं ते त्याच्या पुढं, थंड होऊन झालेले पाण्याचे थेंब. सगळा बॉयलर उभारायच्या फंदात पडू नको. भट्टीचं तोंड तेवढं कर, आत लाल-पिवळा दिवा हलता ठेव, आणि एक आगवाला दाखव. त्याला संवाद नसले तरी चालतील, पण तो पूर्ण एकांकिकाभर काम करत राहिला पाहिजे. फावडं भरायचं, दार उघडायचं, फेकायचं, दार लावायचं. दार उघडं राहिलं की गार हवा आत जाते आणि प्रेशर पडतं, म्हणून दार लगेच लावायचं हे त्याला शिकव. प्रेक्षक चुका काढणार नाहीत, पण माझ्यासारखा एखादा मागच्या रांगेत बसलेला असतो.

आणि गेज ग्लास पाहिजेच. हात-दीड हात लांबीची जाड काचेची नळी घे, उभी बसव, मागून दिवा. खाली सलाईनची नळी जोडून ती विंगेत घे आणि तिथं बादली ठेव. सलाईनला चाकाचा क्लॅम्प असतो, त्यानं थेंबाथेंबानं पाणी उतरवता येतं. सुरुवातीला नळी पाऊण भरलेली, सभेच्या प्रवेशापर्यंत तळाला. त्याबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. आगवाला मधेमधे तिकडं बघेल तेवढं पुरे. पाण्यात चिमूटभर हळद टाक, लांबून दिसेल.

काचेची नळी आणि दोन जुने पितळी कॉक माझ्याकडं घरात आहेत. त्यांना रंग लावायचा नाही, एवढी एक अट. तालीम कुठं आणि किती वाजता असते ते कळव. पलूसहून सकाळच्या एसटीनं येतो आणि तुझ्या आगवाल्याला फावडं धरायला शिकवतो. त्याला म्हणावं, जुना शर्ट घालून ये.